मळक्या कडेचं पुस्तक

रत्नमालाचं पुस्तक चुकलं होतं, आणि एकदा नाही, दोनदा. भंडाऱ्यात शाळेची, लग्नाच्या लॉनची नाहीतर भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट करायची म्हटलं की लोक ज्या बाईचं नाव सांगतात, तिला सख्ख्या भाचीसाठी शिकायचं एक धड पुस्तक निवडता येऊ नये, याचा तिला स्वतःचाच राग आला होता. राग आला की ती टेबल आवरायला घेते. त्या दिवशी टेबल तीनदा आवरून झालं होतं.

भाची म्हणजे मनाली, करडीला राहणाऱ्या तिच्या भावाची, विनोदची मुलगी. बारावी झाली, कॉलेजात नाव घातलं आणि आत्याकडे पाहून तिलाही वेबसाइट बनवायचं वेड लागलं. आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. पाहताना सगळं कळायचं, स्वतः करायला बसली की हात अडायचा. म्हणून रत्नमालानं पुस्तक पाठवलं. नवंकोरं, रंगीत, ज्याची सगळे तारीफ करतात असं. पोरगी तिसऱ्या धड्यात रुतली. मग दुसरं पाठवलं, त्याहून जाड, त्याहून नावाजलेलं. ते चौथ्या धड्यापाशी थांबलं. आणि रविवारी फोनवर मनाली म्हणाली, "आत्या, आता पुस्तक नको पाठवजो. माह्यं डोकंच नाई त्यातलं."

ती रडली असती तर रत्नमालाला बरं वाटलं असतं. पण आपला रक्तगट सांगावा तशी ती हे सांगून मोकळी झाली. रत्नमालाला भीती वाटली ती याची. अजून एक पुस्तक अर्धवट राहिलं तर ही पोरगी जन्मभर स्वतःला ढ समजणार, आणि तसं समजायला आत्यानंच हातभार लावलेला असणार.

तेवढ्यात फोन रत्नमालाच्या बाबांनी घेतला. मंगरू, वय वर्षं त्र्याहत्तर, करडीच्या राइस मिलमध्ये उभा जन्म हमाली केलेला माणूस. चौथीपर्यंत शाळा, मराठी बोट ठेवून वाचणार, इंग्रजीचा तर गंधही नाही.

"पुस्तकाच्या दुकानात मले घेऊन चाल," ते म्हणाले.

"बाबा, ते पुस्तक इंग्रजीत असते."

"मालूम आहे मले. म्या काय आज पहिल्यांदा घेऊन राहिलो का?"

रत्नमालाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण पहिल्यांदा त्यांनी पुस्तक आणलं होतं तेव्हा ती त्यांना काय बोलली होती, ते अठरा वर्षांत तिनं एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

ते दिवसच वेगळे होते. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती, पण शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात भंडारा अजून जुनाच, लांबलचक होता. रत्नमाला एकोणीस वर्षांची होती आणि दर रविवारी करडीहून बसनं भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. क्लासमध्ये सहा कॉम्प्युटर, त्यांना पांढऱ्या प्लॅस्टिकची आवरणं. चपला बाहेर काढून आत जायचं. आत गेलं की देवळात गेल्यासारखं आपोआप हळू बोललं जायचं, आणि सरांनी सांगितलं नाही तरी कुणी कळफलकाला ओला हात लावत नव्हतं. एका कॉम्प्युटरवर दोघं आणि आठवड्याला एक तास, म्हणजे जेमतेम अर्धाच तास आपल्या वाट्याचा.

घरी कॉम्प्युटर कुठला असणार? मग ती दोनशे पानी वहीत वेबसाइट लिहायची. खरंच लिहायची, पेन्सिलीनं. टोकदार कंस, त्यात एक अक्षर, पुन्हा कंस. मथळा इथे, चित्र इथे, रंग पिवळा. एखादा कंस बंद करायचा राहिला तर ते रविवारपर्यंत कळायची सोय नाही, म्हणून प्रत्येक ओळीवरून ती तीनदा बोट फिरवायची. आई, मंगलाबाई, चुलीपाशी बसून विचारायची, "झाली का तुही वेबसाइट?" आणि रत्नमाला म्हणायची, "झाली, पण दिसणार रविवारी." आताची पोरं हे ऐकून हसतात. हसू देत बापडी. वहीतली वेबसाइट रविवारी पडद्यावर पहिल्या फटक्यात उघडण्यातलं सुख त्यांच्या नशिबात नाही, आणि ते कशातही भरून येणारं नाही.

पण वही पुरेना. सरांनी सगळ्यांना सांगितलं, हे पुस्तक घ्या, आणि चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. भंडाऱ्यात ते मिळत नव्हतं. दसरा जवळ आला होता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला करडीच्या बौद्धपुऱ्यातून दरसाल ट्रक निघायचा, आणि येताना प्रत्येक घरानं एक तरी पुस्तक आणायचं, हा गावातला पक्का रिवाज. वाचता येवो न येवो, पुस्तकाशिवाय ट्रकमध्ये चढणारा माणूस बाकीच्यांच्या नजरेतून उतरायचा. त्या वर्षी रत्नमालानं चिठ्ठी बाबांच्या खिशात घातली. दीक्षाभूमीवर हे पुस्तक नसेल, तर सीताबर्डीच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात तिथे विचारा, म्हणून दहादा बजावलं.

ट्रक परत आला, बाबा आले नाहीत. मंगरू गर्दीत चुकला, अर्धा तास वाट पाहिली, मग निघालो, असं लोक म्हणाले. आईनं अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं बाबा उतरले, पायांना फोड, डोळे लाल, आणि काखेत एक पुस्तक. चिठ्ठीतलं नव्हतं. जुनं, पुठ्ठ्याचा कोपरा कुरतडलेलं, आणि पानांच्या कडा अशा काळ्या की हात लावायला किळस यावी.

"चिठ्ठी देली होती ना मी तुमाले?" रत्नमाला म्हणाली. "लोकाइत गप्पा मारत बसले अन् उशीर झाला तं जे भेटलं ते उचललं. ही रद्दी काहून आणली?"

बाबांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

तिनं पुस्तकाला कव्हर घातलं. पण कडा कव्हरात झाकल्या जात नाहीत, आणि क्लासमधल्या नऊ जणांकडे बाहेरून मागवलेलं, सरांच्या चिठ्ठीतलं कोरं करकरीत पुस्तक. तिला लाज वाटली. पॉलिश पेपरनं घासल्या तर निघतील, असं तिनं म्हटलं मात्र, बाबा उठले आणि शेजारच्या सुखराम सुताराकडून पॉलिश पेपर मागून घेऊन आले. ओसरीवर बसून तिनं तिन्ही कडा घासघासून पांढऱ्या केल्या. बाबा समोर विडी ओढत पाहत होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण रत्नमाला ते भाषणात सांगते. अकरा जणांच्या क्लासमध्ये ती एकटी शेवटपर्यंत शिकली. तिनं पहिली वेबसाइट करडी गावाची केली. पिवळी पार्श्वभूमी, तलावाचा एक अंधुक फोटो, आणि वर इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव उजवीकडून डावीकडे धावायचं. बाबांना मुद्दाम क्लासवर नेऊन दाखवलं तर ते म्हणाले, "गाव चांगलं आहे, पण हे पळून काहून राहिलं?" हा किस्सा सांगितला की लोक हसतात, मग रत्नमाला जिद्द आणि कष्ट यांवर दोन शब्द बोलते. पुस्तकाचं नाव त्यात कधी येत नाही. ते पुस्तक तिच्या ऑफिसच्या वरच्या फळीवर आहे, अठरा वर्षांत एकदाही फेकलं गेलं नाही, पण भाषणात त्याला जागा नाही. आपल्यालाही अशा गोष्टींना जागा सापडत नाही, त्यामुळे तिला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी अकराच्या बसनं बाबा भंडाऱ्याला आले. पांढरा शर्ट, छत्री, कापडी पिशवी. धानाच्या रोवणीचे दिवस होते, शेतातल्या बांधीत विनोदला माणूस कमी पडत होता, म्हणून पाचच्या बसनं काहीही करून परत जायचं, असं त्यांनी उतरल्या उतरल्या सांगितलं. आणि जाताना पुस्तक मनालीला न्यायचं.

बस स्टँडच्या कुंपणाला लागून इश्वरचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. भरतीच्या परीक्षांची गाइडं पुढे, आणि मागच्या भिंतीला इंजिनिअरिंगची पोरं शिक्षण संपल्यावर, किंवा शिक्षणानं त्यांना संपवल्यावर, विकून जातात ती कॉम्प्युटरची पुस्तकं. रत्नमालाची त्याची जुनी ओळख. तिनं सांगितलं, "इश्वरभाऊ, वेबसाइटचं, नवशिक्याले चालणारं दाखवा." त्यानं तीस-पस्तीस पुस्तकांचा गठ्ठा काढून पायरीवर ठेवला.

बाबा पायरीवर बसले. पहिलं पुस्तक उचललं. उघडलं नाही. मिटलेलंच आडवं धरून उजेडाकडे वळवलं, पानांच्या कडेवरून अंगठा पुढून मागे फिरवला आणि बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. तसंच. तिसरं.

"काकाजी, उघडून पाहा ना," इश्वर म्हणाला.

"उघडून तुमाले समजते. मले बंदच बरं."

रत्नमालाला अवघडल्यासारखं झालं. दुकानात दोन कॉलेजची पोरं होती, ती पाहत होती. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "बाबा, काय पाहून राहिले तुमी?"

बाबांनी हातातलं पुस्तक तिच्यासमोर धरलं. "हे पाय. हे पुढचे दोन बोटं मळलं आहे. इथून पुढं कोरं. म्हणजे घेणारा इथपर्यंत आला अन् थांबला. धानाचं पोतं तोंडाशी पाहून कोणी घेते का? तोंडाशी चांगलाच माल राहते. लोखंडी नळी खालपर्यंत खुपसली अन् खालचा दाना हातावर घेतला, तं खरं समजते." त्यांनी पुस्तक ठेवून दिलं. "जे शेवटच्या पानापर्यंत मळलं आहे, ते कोणीतरी शेवटपर्यंत नेलं आहे. नवशिक्या मानसाले तेच पाहिजे. बाकी आत काय लिहिलं आहे, ते तू पाय."

रत्नमाला गठ्ठा चाळायला लागली. आणि एकदम तिचा हात थांबला. मनालीला पाठवलेलं पहिलं पुस्तक त्यात होतं. तेच रंगीत, नावाजलेलं. एक नाही, तीन प्रती होत्या. दुसऱ्याच्या दोन. तिनं पाचही काढून पायरीवर एकाशेजारी एक आडव्या मांडल्या. पाचही पुढे काळपट आणि मागे कोऱ्या. तिनं मळ संपतो तिथे नख घालून पान उघडलं. पहिल्याच्या तिन्ही प्रती तिसऱ्या धड्यात उघडल्या. दुसऱ्याच्या दोन्ही चौथ्या धड्यापाशी, दोन-चार पानं इकडेतिकडे.

ती जागच्या जागी बसली. ही पुस्तकं तिनंच निवडली होती. लिहिणाऱ्यांना विषय येत होता यात शंका नव्हती, पण तिसऱ्या धड्यात त्यांनी एकदम अशी उडी मारली होती, की आधीच येणाऱ्यालाच ती पेलावी. रत्नमालाला पेलली होती, म्हणून तिला ती दिसलीच नव्हती. तिनं पाचही कडांचा फोटो काढला आणि मनालीला पाठवला. खाली लिहिलं, ही पाच वेगवेगळ्या लोकांची पुस्तकं आहेत, बघ कुठे थांबलेत.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"आत्या," मनाली म्हणाली, "हे सगळे माह्याच पानावर थांबले का?"

"हाव."

"म्हणजे मी एकटीच नाई."

"नाई वो. इंजिनिअरिंगवाले आहेत हे."

मग मनाली म्हणाली, "मंग आजोबाले म्हण, नीट पाहून आणजा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोरीनं पुस्तक आणायला सांगितलं होतं. रत्नमालाला इतका आनंद झाला, की तिनं इश्वरला उगाचच तीन चहा मागवायला लावले.

बाबा नीटच पाहत होते. फार नीट. एकेक पुस्तक उजेडाला धरायचं, अंगठा फिरवायचा, शंका आली तर पुन्हा उलट बाजूनं फिरवायचा. गठ्ठा संपला, एकही पुरतं उतरलं नाही. "अजून आहेत का?" त्यांनी विचारलं. इश्वरनं आतला गठ्ठा काढला. चार वाजले, साडेचार झाले. रत्नमालाचा एक ग्राहक दोनदा फोन करून गेला. मधेच एक बऱ्यापैकी निघालं, पण बाबा म्हणाले, "शेवटचा धडा नाई वाचला यानं," आणि तेही बाजूला गेलं.

स्टँडवर करडीची बस लागली. कंडक्टरनं घंटी दिली.

"बाबा, बस."

"हाव, हाव." अंगठा कडेवरून फिरतच होता.

"बाबा, बस जाऊन राहिली."

"जाऊ दे ना वो. ती काय एकच आहे? पुस्तक चुकलं तं पोरगी बसून राहील."

कुंपणापलीकडून बस वळली आणि निघून गेली. बाबांनी मान वर करूनही पाहिलं नाही. आणि रत्नमाला, जी इतका वेळ बसकडे पाहत होती, तिला ती बस दिसेनाशी झाली. तिला ट्रक दिसत होता. दसऱ्याच्या दिवशीचा, करडीच्या माणसांनी भरलेला, वाट पाहून पाहून निघून जाणारा ट्रक. आणि सीताबर्डीच्या फूटपाथवर उकिडवा बसलेला, पंचावन्न वर्षांचा एक हमाल, एकेक पुस्तक उजेडाला धरणारा.

गप्पा मारत बसले, असं ती म्हणाली होती.

तिनं पदर डोळ्यांना लावला. पोरं पाहत होती तर पाहू देत.

"बाबा, त्या वर्षी तुमी ट्रक याच्याचपायी चुकवला का?"

"मंग काय वाचून आणलो होतो?" बाबा म्हणाले. "तुह्या चिठ्ठीतलं होतं ना तिथं. चार होते. चारही पुढंच मळले होते. म्या दुकानदाराले म्हटलं, हे नको."

"अन् मले काहून नाई सांगितलं?"

"तू कॉलेजात शिकून राहिली होती. म्या काय सांगू तुले पुस्तकाचं."

"मी तुमच्या पुस्तकाले रद्दी म्हटलं, बाबा. चुकलं माह्यं. अठरा वर्षं झाली, मी एकदा बी नाई म्हटलं."

बाबांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. "हे धर," ते म्हणाले. "हे पाय आता आतून."

पुस्तक बारीक होतं, मागचा पुठ्ठा गेलेला, पाठीला सेलोटेप. कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी करडी. रत्नमालानं उघडलं. पाच वर्षांपूर्वीचं होतं, पण धडे लहान होते, एक पायरी झाल्याशिवाय दुसरी नव्हती, आणि प्रत्येक धड्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं तारीख टाकली होती. कधी दोन तारखांमध्ये एक दिवस, कधी महिना. शेवटच्या धड्याखालीही तारीख होती. नंतर बदललेल्या दोन-तीन गोष्टी ती स्वतः सांगू शकली असती. दुकानात एकटी आली असती तर तिनं या पुस्तकाला हातसुद्धा लावला नसता.

बस गेलीच होती, म्हणून ती बाबांना ऑफिसवर घेऊन गेली. त्यांना खुर्चीवर बसवलं, स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून ते जुनं पुस्तक खाली काढलं. कव्हर कधीच गळून पडलं होतं. तिनं ते बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उघडलं नाही. आडवं धरून खिडकीकडे वळवलं आणि अंगठा पुढून मागे, अगदी सावकाश फिरवला. कड काळी होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

"मी तं घासून पांढरी केली होती," रत्नमाला म्हणाली. "पॉलिश पेपर तुमीच आणून देला."

"हाव. तो मळ त्या पहिल्या मानसाचा होता. तो गेला." त्यांनी पुस्तक तिच्याकडे फिरवलं, तिला नीट दिसावं म्हणून. "हा तुह्या हाताचा होय."

मग त्यांनी मनालीसाठी दोन्ही पुस्तकं पिशवीत घातली आणि सकाळची पहिली बस किती वाजता आहे ते विचारलं.